तीस दिवसांचे झाले १४१

परवा, २२ जानेवारीला, ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना ईमेल आला. ‘फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड’. न्यू जर्सीत रायफल किंवा शॉटगन विकत घ्यायची तर आधी हे कार्ड काढावं लागतं. अर्ज भरला होता ३ सप्टेंबर २०२४ ला, लेबर डेच्या दुसऱ्या दिवशी. राज्यातल्या रहिवाशाच्या अर्जाचा निकाल ३० दिवसांत लावायचा, असं कायद्यात लिहिलंय. मला १४१ दिवस लागले. आणि हे सगळं कशासाठी, तर तेरा वर्षांच्या मुलीला एक एअर रायफल घ्यायची होती.

हो, एअर रायफल. छऱ्यांची.

सुरुवात झाली १ ऑगस्टला. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. माझ्या आईचा फोन, मावशीचा फोन, सगळ्या ग्रुपवर तेच. लेकीने ती फायनल फोनवर चार वेळा बघितली. उभ्याने मारायचे नेम आले आणि हा शांतपणे वर वर सरकत गेला, ते तिला भारी आवडलं. मला म्हणाली, “आई, हे मला करायचंय.” याआधी पियानो, पोहणं, भरतनाट्यम, सगळं आम्ही तिच्यावर लादलेलं. स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट.

घरापासून चाळीस मिनिटांवर एक क्लब आहे, तिथे मुलांसाठी शनिवारी वर्ग असतो. क्लबची रायफल, क्लबचे छरे, शेजारी प्रशिक्षक. इथवर काहीच अडचण नाही. पण हा खेळ निम्मा घरी होतो. रिकामी रायफल खांद्याला लावून वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं, श्वास सोडायचा, निम्म्यावर थांबवायचा, ट्रिगरवर बोट सरळ मागे. दहा मीटरवरच्या लक्ष्याचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. कागदावर पेनाचं टोक टेकवून उचला, साधारण तेवढा. तो आठवड्यातल्या एका तासात सापडत नाही.

म्हणून रायफल घ्यायला निघालो आणि तेव्हा कळलं, की न्यू जर्सीच्या कायद्यात एअर रायफलही बंदूकच आहे. माणसाला इजा होईल एवढ्या जोराने छरा उडतो ना, मग ती ‘फायरआर्म’. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात तसं नाही. भारतात २० ज्यूलच्या आतल्या, म्हणजे छऱ्याचा जोर कमी असलेल्या, एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. आणि इथे सबळ कारण नसेल तर साधी बेचकी बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. ज्या बेचकीने आम्ही देवरुखला अख्ख्या मे महिन्याच्या कैऱ्या पाडल्या, ती!

इथल्या मराठी मंडळात हे थोडक्यात सांगायला गेलं की दोनपैकी एक समजूत होते. एक तर “हिला अमेरिकेचं वारं लागलं”, नाहीतर “इथे काय, बंदूक भाजीसारखी मिळते”. म्हणून सविस्तर लिहितेय.

बंदूक मला नवी नाही. माझ्या आजोबांकडे, आप्पांकडे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. माकडं आणि डुकरं भाताची आणि केळीची वाट लावायची, त्यासाठी. मी ती उडताना फार तर दोनदा ऐकली असेल. जास्त आठवतात ते तिचे कागद. परवान्याच्या नूतनीकरणाला रत्नागिरीच्या खेपा, निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि जमा केल्याची पावती आप्पा पार्ले बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रेशनकार्डाबरोबर ठेवायचे. खंडेनवमीला कोयता, विळा, पहार आणि बंदूक एका पाटावर. हळदकुंकू लावताना आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नसायची. बंदूक म्हणजे जबाबदारी आणि कागद, हे मी तिथेच शिकले. त्यामुळे न्यू जर्सीने कागद मागितले याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

कागद कोणते, तेही सांगते. अर्ज ऑनलाइन. बोटांचे ठसे द्यायला वेगळी अपॉइंटमेंट. बंदूक सुरक्षित हाताळण्याचं आणि ठेवण्याचं प्रशिक्षण. फी पूर्वी ५ डॉलर होती, २०२२ च्या कायद्याने ५० झाली. मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला लेखी संमती. आणि तुम्हाला ओळखणाऱ्या, घरच्या नसलेल्या दोन माणसांची नावं. त्यांना ईमेल जातो, त्यांनी उत्तरं द्यायची. पिस्तूल घ्यायचं तर आणखी निराळा परवाना, प्रत्येक पिस्तुलाला एक, मुदत ९० दिवस, आणि ३० दिवसांत एकच. मला पिस्तूल नकोच होतं, त्यामुळे त्या वाटेला गेले नाही.

दोन माणसांपैकी एक माझी मैत्रीण. फोन केला तर पहिलं वाक्य, “बंदूक? तुला? कशाला गं?” समजावून सांगितलं. मग म्हणाली, “देते गं, पण माझं नाव कुठे अडकणार नाही ना?” दुसरे एक जुने शेजारी. त्यांचा ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडला, त्यात बारा दिवस गेले. हे बारा दिवस माझ्या हिशोबात धरा. उरलेल्यांचं काय?

अर्जात एक प्रश्न आहे. कधीही कुठल्या मानसिक त्रासासाठी डॉक्टरकडे उपचार घेतलेत का? २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. कोविडचे दिवस, मला जाता आलं नाही, अंत्यदर्शन व्हिडिओ कॉलवर. त्यानंतर माझी झोप गेली. इथल्या डॉक्टरांनी पाच महिने गोळ्या दिल्या. मी बरी झाले. फॉर्म भरताना दोन जणांनी मला सांगितलं, “वहिनी, ‘नाही’ लिहा, कोण बघतंय!” मी ‘हो’ लिहिलं, कारण खरं ते होतं, आणि कारण अशा अर्जात खोटं लिहिणं हाच गुन्हा आहे.

मग अर्ज तपासणाऱ्या पोलिसांनी डॉक्टरांचं पत्र मागितलं. ठीक. पत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दिलं. त्यानंतर नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. दर सोमवारी फोन करायचे. “इट्स इन प्रोसेस, मॅम.” एकदा सांगितलं, हे काम बघणारे अधिकारी सुट्टीवर आहेत. एकदा सांगितलं, पत्र मिळालेलंच नाही; मी ते पोच घेऊन स्वतःच्या हाताने दिलं होतं. पोच दाखवल्यावर पत्र सापडलं.

हा प्रश्न विचारूच नये, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात बंदूक आणि घरात खचलेलं माणूस, ही जोडी किती वाईट, ते कुणीही सांगेल. तेव्हा विचारा, पत्र मागा, डॉक्टरांशी बोला. पण उत्तर हातात आल्यावर ते तीन महिने खणात ठेवलं, तर त्याने कोण सुरक्षित झालं? ज्या दोघांनी मला ‘नाही लिहा’ म्हटलं, त्यांना याच्यातून काय कळलं? खरं बोलणारा अडकतो, एवढंच. आपल्याकडे आधीच समुपदेशकाकडे जायची लाज. मंडळातली एखादी बाई उद्या म्हणेल, नकोच ते डॉक्टर, पुढे कुठल्या फॉर्ममध्ये निघायचं. मला याची खरंच काळजी वाटते.

उशीर ही फक्त गैरसोय नसते, हे याच राज्यात २०१५ साली दिसलं. बर्लिन टाउनशिपमधली ३९ वर्षांची एक बाई, केशकर्तनाचं काम करणारी. आधीच्या मित्रापासून तिच्या जिवाला धोका होता. कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश घेतला, घराला कॅमेरे लावले, २१ एप्रिलला बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. ३० दिवस उलटून गेले तरी परवाना नाही. ३ जूनला त्याच माणसाने तिला तिच्याच घरासमोर भोसकून मारलं. बंदूक असती तर ती वाचली असती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कुणालाच म्हणता येणार नाही. पण कायद्याने तिला दिलेला शब्द पाळला गेला नाही, एवढं नक्की. त्या वेळचे गव्हर्नर क्रिस्टी यांनी त्यानंतर समिती नेमली. आणि मी २०२४ मध्ये दर सोमवारी फोन करत होते.

चूक आपल्याकडून झाली तर मात्र हेच राज्य एक दिवसही थांबत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई पूल ओलांडून न्यू जर्सीत आली. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता, पर्समध्ये पिस्तूल होतं. गाडी अडवल्यावर तिनेच पोलिसाला सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे, हा परवाना. न्यू जर्सी दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाही. कमीत कमी साडेतीन वर्षांचा सक्तीचा तुरुंगवास तिच्या डोक्यावर होता. शेवटी २०१५ मध्ये क्रिस्टींनी तिला माफी दिली. पुलाच्या अलीकडे परवानाधारक, पलीकडे गुन्हेगार.

म्हणून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मुलामुलींनो, नीट वाचा. व्हेगासला गेलात, रेंजवर भाड्याने बंदूक मिळते, सगळे फोटो काढतात, आपणही काढू, असं करू नका. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक हातात घेणं हाच संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून. मित्राचं “काही होत नाही रे” ऐकून ग्रीन कार्ड पणाला लावू नका. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात आल्यानंतरच या वाटेला आले.

आमच्या घरचे नियम आता असे आहेत. रायफल कुलपाच्या पेटीत, छरे वेगळ्या कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. क्लबला जाताना पेटी डिकीत, घर ते क्लब, क्लब ते घर. वाटेत ‘वाजवी गरजेपुरतं’ थांबायला कायदा परवानगी देतो, पण वाजवी म्हणजे काय, ते ठरवणार रस्त्यावरचा पोलीस. त्यामुळे लेक कितीही म्हणाली, “आई, ओक ट्री रोडवर वडापाव,” तरी आधी घरी, पेटी कपाटात, मग वडापाव. क्लबमधल्या एका निवृत्त पोलिसाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: थेट जायचं, थेट यायचं. त्यांचे उपकार आहेत.

बंदुकीने मृत्यू सर्वांत कमी होणाऱ्या अमेरिकेतल्या राज्यांत न्यू जर्सी येतं. मी मुलगी इथे वाढवतेय, मला त्याचा आधार वाटतो. हे कायदे काढून टाका, असं माझ्या तोंडून कुणी ऐकणार नाही. माझं मागणं फार साधं आहे. दहा मीटरवर कागदाला भोक पाडणारी खेळातली एअर रायफल आणि रस्त्यावरचं पिस्तूल, यांना कायद्याने एका रांगेत उभं करू नये. आणि ३० दिवस लिहिलेत तर ३० दिवस पाळावेत. माणसं कमी पडत असतील तर माणसं नेमा, फी दसपट केलीच आहे. नाही द्यायचं कार्ड, तर तिसाव्या दिवशी ‘नाही’ म्हणा आणि कारण लिहून द्या, म्हणजे मला कोर्टात दाद मागता येईल. नुसतं ताटकळत ठेवलं तर माणसाला दादही मागता येत नाही.

आमच्या जिल्ह्याच्या स्टेट सिनेटरना आणि असेंब्लीतल्या दोन्ही प्रतिनिधींना मी काल रात्री पत्र पाठवलं. त्यात अर्जाची तारीख, डॉक्टरांचं पत्र दिल्याची तारीख, अठरा सोमवारांचे फोन, आणि कार्डाची तारीख. मिडलसेक्स, सॉमरसेट, मर्सर, कुठल्याही काउंटीत राहणाऱ्या मराठी माणसाला तीस दिवसांहून जास्त थांबावं लागलं असेल, तर मला मेसेंजरवर फक्त दोन तारखा पाठवा. नाव नको, गावाचं नाव पुरे. फेब्रुवारीत राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला, भेटीची वेळ मागितली आहे. या तारखांचा कागद घेऊन जाईन.

शनिवारी आम्ही दुकानात जातोय. लेकीने मापं लिहून ठेवली आहेत: खांद्यापासून बोटापर्यंत ५४ सेंटिमीटर.