महागड्या गाडीचं विसावं वर्ष: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण ती विषयाच्या आस्थेतून आली आहे हे वाचताना जाणवतं. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटलं नाही.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. प्रीमियम गाड्या बनवणाऱ्या कंपनीचं पुढच्या वीस वर्षांचं धोरण काय असावं, याची मी कल्पना केली होती. अशा कंपनीने वेगाच्या आणि डिजिटल पडद्यांच्या चढाओढीतून अंग काढून घ्यावं. वीस वर्षं उत्तम चालेल, दुरुस्त होईल आणि मधल्या काळात सुधारता येईल अशी गाडी बनवावी. दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही आपलाच ग्राहक मानावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की हे स्वप्नरंजन आहे. ग्राहक तीन वर्षांच्या लीजवर गाडी घेतो आणि परत करतो, त्याला विसाव्या वर्षाशी काय देणंघेणं? चिनी कंपन्या धडाधड नवी मॉडेलं आणत असताना टिकाऊपणाची भाषा करणं म्हणजे शर्यत सोडून देणं. ‘कमी पण भारी’ या वाटेने गेलेल्या मर्सिडीज आणि जॅग्वारचं काय झालं ते सगळ्यांसमोर आहे. आणि शेवटी तुमचं आव्हान: हे करू शकेल अशा एका कंपनीचं नाव सांगा.

लीजपासून सुरुवात करतो, कारण तुमचा सगळा युक्तिवाद तिथे उभा आहे आणि माझाही.

लीजवर गाडी घेणारा माणूस नेमके कशाचे पैसे भरतो? गाडीच्या पूर्ण किमतीचे नाही. नवी किंमत आणि तीन वर्षांनंतरची अपेक्षित किंमत यांतल्या फरकाचे, वर व्याजाचे. दोन गाड्या घेऊ. पहिली नवी असताना १००ची, तीन वर्षांनी ६०ला विकली जाणारी. दुसरी ८०ची, म्हणजे चांगली स्वस्त, पण तीन वर्षांनी ३२वर येणारी. पहिल्या गाडीच्या ग्राहकाला ४० भरायचे आहेत, दुसऱ्याला ४८. पहिल्या गाडीत जास्त रक्कम अडकते म्हणून तिच्यावर व्याज जास्त लागेल, पण नेहमीच्या व्याजदरांत तेवढ्याने हा फरक भरून निघत नाही. महागड्या गाडीचा हप्ता स्वस्त गाडीपेक्षा कमी बसतो. आता त्या तीन वर्षं जुन्या गाडीला ६० कोण देणार? ज्याला ती पुढची पाच-सात वर्षं वापरायची आहे तो. त्याच्याकडून ती घेणारा तिसरा माणूस असेल, याची खात्री असल्याशिवाय तोही ६० मोजणार नाही. तेव्हा पहिल्या ग्राहकाला विसाव्या वर्षाची फिकीर नसेलही, पण त्याच्या हप्त्यात ते विसावं वर्ष आधीच धरलेलं असतं.

आणि हे गणित चुकलं तर फटका कोणाला बसतो, तेही पाहा. बहुतेक प्रीमियम कंपन्यांची स्वतःची वित्त कंपनी असते. गाडी परत आली आणि बाजारात तिला ठरवलेली किंमत मिळाली नाही, तर तूट बऱ्याचदा त्याच घरात राहते. गाड्या भाड्याने देणाऱ्या हर्ट्झचं उदाहरण प्रीमियम कंपनीचं नाही, पण धडा तोच आहे. टेस्लाने २०२३ मध्ये नव्या गाड्यांच्या किमती पुन्हा पुन्हा उतरवल्या, त्याबरोबर रस्त्यावर असलेल्या जुन्या गाड्यांचाही भाव उतरला. इलेक्ट्रिक गाड्यांची मोठी खरेदी करून बसलेल्या हर्ट्झने जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्याचं जाहीर केलं आणि त्यापोटी सुमारे २४.५ कोटी डॉलरचा घसारा नोंदवला. या गाड्या नीट चालत नव्हत्या असं नव्हे. तीन-चार वर्षांनी त्यांचं मोल काय असेल, याचा भरवसा राहिला नव्हता.

जुन्या इलेक्ट्रिक गाडीच्या खरेदीदाराला भीती वाटते ती बॅटरीची. ही भीती दूर करण्याची ऐपत कोणाची आहे? माझ्या मते प्रीमियम कंपनीची, आणि काहींनी सुरुवातही केली आहे. टोयोटाच्या लेक्सस या महागड्या ब्रँडने यूएक्स ३००ई या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला युरोपात १० वर्षं किंवा १० लाख किलोमीटरची हमी दिली. फेरारीने २०२४ मध्ये आपल्या हायब्रिड गाड्यांसाठी अशी वाढीव वॉरंटी आणली, की जिच्यात आठव्या आणि सोळाव्या वर्षी हाय-व्होल्टेज बॅटरी बदलून मिळते. सोळावं वर्ष! तुम्ही ज्याला स्वप्नरंजन म्हणता ते करारात लिहून विकायला ठेवलेलं आहे. फेरारीच्या ग्राहकाला ते परवडतं, हे खरं. पण महागड्या गाडीत जे आधी आलं ते पुढे खालच्या गाड्यांत उतरलं, हा या धंद्याचा जुना शिरस्ता आहे. अँटी-लॉक ब्रेक असेच उतरले, एअरबॅगही.

आता शर्यतीबद्दल. मला वाटतं, प्रीमियम कंपन्या ज्या गोष्टीच्या जोरावर शंभर वर्षं वेगळ्या राहिल्या, ती गोष्टच सर्वांना मिळू लागली आहे, आणि याचा अर्थ किती खोल आहे ते अजून पुरतं उमगलेलं नाही. १९८९ मध्ये लेक्ससने आपली पहिली मोठी गाडी, एलएस ४००, अमेरिकेत आणली तेव्हाची जाहिरात आठवा. बॉनेटवर शँपेनच्या ग्लासांचा मनोरा रचलेला, चाकं रोलरवर भन्नाट वेगाने फिरताहेत आणि एकही ग्लास हलत नाही. जर्मन कंपन्यांना त्या जाहिरातीने घाम फोडला, कारण इंजिनाची ती मऊ, अबोल ताकद हेच तर त्यांचं भांडवल होतं. एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन स्वभावतःच संतुलित असतं, त्याची थरथर आतल्या आत जिरते. चार सिलिंडरच्या इंजिनात ते साधत नाही. बीएमडब्ल्यूची कित्येक दशकांची कीर्ती या एका गुणावर उभी होती.

इलेक्ट्रिक मोटरने हा भेद पुसून टाकला. आज साधारण किमतीच्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॉनेटवर तो मनोरा रचला तरी ग्लास हलणार नाहीत. सिग्नल सुटल्यावर झेप घेण्यात शाओमीसारख्या मोबाइल बनवणाऱ्या कंपनीची एसयू७, २०२४ मध्ये बाजारात आलेली तिची पहिलीच गाडी, भल्याभल्यांना मागे टाकते. अशा वेळी प्रीमियम कंपनीने अजून वेग, अजून मोठा पडदा, अजून रंगीत दिवे लावून वेगळं दिसायचं म्हटलं, तर ती जिथे हमखास कमी पडणार त्याच आखाड्यात उतरते. मोबाइल कंपनीला पडदा जास्त लवकर आणि जास्त स्वस्तात बनवता येतो. नव्याचे नऊ दिवस हा त्यांचा व्यवसायच आहे.

‘सॉफ्टवेअर हेच भविष्य’ हे तुमचं वाक्य मला मान्य आहे. पण इलेक्ट्रॉनिक्स गाडीइतकं जगत नाही, आणि नेमकी तिथे कोणीतरी जबाबदारी घ्यायला हवी आहे. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्समध्ये ८ जीबीची एक मेमरी चिप होती. सतत लिहून-पुसून ती झिजायची, मग मधला पडदा बंद पडायचा आणि त्याबरोबर मागचं दाखवणारा कॅमेराही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या रेट्यामुळे सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीचा बचाव असा होता, की असा भाग गाडीच्या पूर्ण आयुष्यभर टिकेल असा बनवणं आर्थिकदृष्ट्या शक्य नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत थ्रीजी सेवा बंद झाली आणि चालू स्थितीतल्या असंख्य गाड्यांच्या इंटरनेटवर चालणाऱ्या सुविधा एका तारखेला गेल्या. त्यांत महागड्या गाड्याही होत्या.

माझी काल्पनिक कंपनी इथे वेगळं वागेल. संगणक आणि मोडेम काढून नवे बसवता येतील अशा जागी ठेवेल, आणि दहा वर्षांनी नवा संच कितीला मिळेल हे विक्रीच्या दिवशीच कागदावर देईल. बॅटरीचे सेल थेट गाडीच्या सांगाड्यात चिकटवून टाकण्याची जी पद्धत पसरते आहे, ती टाळेल. तिच्याने वजन आणि खर्च वाचतो हे मला ठाऊक आहे, पण एका सेलच्या दुखण्यासाठी अख्खा संच टाकून द्यावा लागणं ही माझ्या लेखी प्रीमियम गाडीची वर्तणूक नाही. सॉफ्टवेअर स्वतः लिहायचा हट्टही ती धरणार नाही. फोक्सवॅगन समूहाच्या सॉफ्टवेअर विभागाच्या रखडण्यामुळे त्याच समूहातल्या पोर्शच्या ‘मकान’ या गाडीच्या इलेक्ट्रिक आवृत्तीला उशीर झाला आणि शेवटी समूहाने २०२४ मध्ये रिव्हियन या अमेरिकी इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीशी हातमिळवणी केली. ते शहाणपण वेळेवर आलं असतं तर पोर्शची काही वर्षं वाचली असती.

चीनपुरता तुमचा मुद्दा मी खोडत नाही. पोर्शने तिथे २०२१ मध्ये ९५,६७१ गाड्या दिल्या होत्या, २०२४ मध्ये ५६,८८७. ऑडीने तर तिथल्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी आपलं चार वर्तुळांचं बोधचिन्हच बाजूला ठेवून नुसत्या अक्षरांचा वेगळा ब्रँड काढला. त्या बाजारात येत्या काही वर्षांत टिकाऊपणाला भाव मिळेल असं मला वाटत नाही. पण तिथे आज विकल्या जाणाऱ्या लाखो इलेक्ट्रिक गाड्याही एक दिवस दहा वर्षांच्या होतील. निओ कंपनी बॅटरी बदलून देण्याची केंद्रं उभारते आणि बॅटरी भाड्याने देते ती उगाच नाही. बॅटरीचं वय गाडीच्या वयापासून वेगळं काढण्याचा तो एक मार्ग आहे. चिनी कंपनी हे करत असेल तर ‘टिकाऊपणा म्हणजे शर्यत सोडणं’ या तुमच्या मांडणीला तिथूनच तडा जातो.

मर्सिडीजचा दाखला हा तुमचा सर्वांत वजनदार मुद्दा. २०२२ मध्ये कंपनीने वरच्या श्रेणीवर भर देण्याचं आणि खालची मॉडेलं कमी करण्याचं धोरण जाहीर केलं, आणि २०२४ मध्ये नेमकी वरच्या श्रेणीची विक्री १४ टक्क्यांनी घसरून २,८१,५००वर आली. पण त्या धोरणात होतं काय? जास्त महाग गाड्या जास्त विकायच्या. ग्राहकाला त्या जास्त पैशांत काय जास्त मिळणार, याचं ठोस उत्तर त्यात नव्हतं. ईक्यूएस या तिच्या महागड्या इलेक्ट्रिक गाडीच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काचेचा पडदा होता, तो डोळे दिपवायचा, पण सेकंड हँड बाजाराने त्या गाडीला मान दिला नाही. मी महाग होण्याची बाजू घेत नाही. दीर्घकाळ मोल टिकवण्याची घेतो आहे, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्धही जाऊ शकतात.

जॅग्वार तर माझ्याच बाजूचा पुरावा आहे. २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं की २०२५ पासून फक्त इलेक्ट्रिक. मग चालू मॉडेलं एकेक करून बंद केली, २०२४च्या अखेरीस नवं बोधचिन्ह आणलं आणि शोरूममध्ये विकायला नवी गाडीच उरली नाही असा काळ ओढवून घेतला. आपल्याच भूतकाळाशी नातं तोडायचं हे ते धोरण होतं. जुन्या गाड्यांच्या मालकांना सोबत ठेवणं याच्या अगदी उलट टोकाला आहे.

राहिला आकाराचा प्रश्न. कमी गाड्या विकून संशोधनाचा खर्च कसा निघणार, असं तुम्ही विचारता. गाड्या कमी विकाव्यात असं मी लिहिलेलंच नाही. एकाच गाडीतून तीन मालकांकडून उत्पन्न घ्यावं असं लिहिलं आहे: सर्व्हिस, सुटे भाग, नवी बॅटरी, नवा संगणक, आणि कंपनीनेच परत घेऊन, नीट करून, हमीसह पुन्हा विकणं. आज वॉरंटी संपली की मालक बाहेरच्या गॅरेजकडे वळतो आणि कंपनी त्याला विसरते. त्याऐवजी गरम होणाऱ्या सीटसाठी महिन्याला पैसे मागून उत्पन्न वाढवण्याचा प्रयोग बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत केला, लोक संतापले आणि वर्षभरात तो गुंडाळावा लागला. गाडीत आधीच बसवलेल्या वस्तूचं भाडं लोक देत नाहीत. जुनी गाडी पुन्हा तरतरीत करून देण्याचे देतील.

तरीही नाव विचाराल तर मी बीएमडब्ल्यूच म्हणेन, आणि कारण यंत्रातलं नाही, मालकीतलं आहे. या धोरणात खर्च आज होतो आणि फळ दहा-पंधरा वर्षांनी येतं. पाच वर्षांच्या करारावर आलेला अध्यक्ष तेवढं थांबत नाही, भागधारकही थांबू देत नाहीत. बीएमडब्ल्यूचे जवळपास निम्मे समभाग क्वांट कुटुंबाकडे आहेत. ९ डिसेंबर १९५९च्या भागधारकांच्या सभेत ही कंपनी मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझच्या घशात जाता जाता वाचली. मग हर्बर्ट क्वांट यांनी आपला पैसा लावला आणि १९६०च्या दशकात ‘नोए क्लासे’ (नवी श्रेणी) या गाड्यांनी कंपनी सावरली. तेच नाव घेऊन सप्टेंबर २०२५ मध्ये नवी इलेक्ट्रिक आयएक्स३ आली आहे, नव्या पिढीच्या बॅटरीसह आणि चार मोठ्या संगणकांसह. त्या चारांपैकी एक २०३६ मध्ये बिघडला, तर तिसऱ्या मालकाला नवा मिळेल का आणि कितीला, हे कंपनीने आजच लेखी द्यावं. तसं झालं नाही आणि दहा वर्षं जुनी आयएक्स३ भंगाराच्या भावात जाऊ लागली, तर तुमचा अंदाज बरोबर ठरला असं मी समजेन.