लाउंज आधी, हवामान केंद्र नंतर

खासगी विमानांच्या संख्येत ब्राझील जगात अमेरिकेच्या खालोखाल, असं तिथली मंडळी अभिमानाने सांगतात. त्यात नवल नाही. देश अवाढव्य, प्रवासी रेल्वे जवळजवळ नाहीच, सोयाबीन आणि कापूस पिकतो माटो ग्रोसोत आणि बँका साओ पावलोत. तिथल्या बड्या शेतकऱ्यासाठी किंग एअर, म्हणजे दोन इंजिनांचं छोटं प्रोपेलर विमान, हे कामाचं वाहन आहे. पण ही विमानं ज्या छोट्या विमानतळांवर उतरतात, तिथे गेली काही वर्षं पैसा चुकीच्या टोकाला ओतला जातोय, असं माझं स्पष्ट मत आहे. हँगर होतात, काचेचे लाउंज होतात. वारा आणि ढगांची उंची मोजणारं यंत्र मात्र "पुढच्या टप्प्यात" असतं.

आधी साओ पावलो. कोंगोन्यास विमानतळ १९३६ पासून आहे आणि आता पार शहराच्या पोटात गेलंय. मुख्य धावपट्टी १,९४० मीटर, रात्री ११ ते सकाळी ६ बंद, स्लॉटवर (उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळेवर) पहिला हक्क एअरलाइन्सचा. कांपो दे मार्ते त्याहून जुनं, १९२९ चं. धावपट्टी १,६०० मीटर, नियमित प्रवासी सेवा नाही, हेलिकॉप्टरांची सतत वर्दळ. ऑगस्ट २०२२ च्या लिलावात हे आणि रिओचं जाकारेपाग्वा (धावपट्टी जेमतेम ९०० मीटर) एकत्र करून ३० वर्षांसाठी दिले गेले. १४ कोटी १४ लाख रेआलची बोली एक्सपी या गुंतवणूक कंपनीच्या पायाभूत सुविधा फंडाची होती. जुंदियाईची धावपट्टी १,४०० मीटर. शहरात जागा न मिळालेली बरीच विमानं तिथे मुक्कामाला. सोरोकाबा म्हणजे बिझनेस जेटांचं गॅरेज, एम्ब्राएर या ब्राझीलच्या विमान कंपनीचं स्वतःचं सर्व्हिस सेंटर तिथेच. आणि डिसेंबर २०१९ मध्ये साओ रोकेला उघडलेलं कातारीना: संपूर्ण खासगी, २,४७० मीटर, चोवीस तास चालू, कास्तेलो ब्रांको महामार्गाला लागून.

कातारीना एका बिल्डर कंपनीने उभारलं, हे लक्षात घेतलं की बाकीचा हिशोब उलगडतो. छोट्या विमानतळाला लँडिंग फीमधून फारसं काही सुटत नाही. पैसा हँगरच्या भाड्यात, जमिनीच्या पट्ट्यात आणि इंधनावरच्या मार्जिनमध्ये असतो. म्हणून ठेकेदार आधी हँगर बांधतो. त्याला दोष कशाला द्यायचा? दोष करार लिहिणाऱ्यांचा.

आता मुद्द्याचं गणित. फेनॉम ३००ई घ्या, एम्ब्राएरचंच हलकं जेट. समुद्रसपाटीला, कोरड्या धावपट्टीवर उतरून थांबायला कंपनीचा आकडा ६७४ मीटर. हा आकडा चाचणी वैमानिकाचा: थ्रेशोल्डवर, म्हणजे धावपट्टी जिथे सुरू होते तिथे, बरोबर ५० फूट, बरोबर वेग, टेकताच पूर्ण ब्रेक. एअर टॅक्सीच्या, म्हणजे भाड्याच्या विमानांच्या ब्राझीलच्या नियमात, आरबीएसी १३५ मध्ये, उपलब्ध लांबीच्या ६०% मध्ये विमान थांबलं पाहिजे. ६७४ ला ०.६ ने भागा, १,१२३ मीटर येतात. ओल्या धावपट्टीसाठी वर आणखी १५% धरण्याची रीत आहे, झाले सुमारे १,२९०. तेच विमान मालक स्वतःच्या कामासाठी घेऊन निघाला की खासगी उड्डाणांचा आरबीएसी ९१ लागू होतो आणि हे गुणक बंधनकारक राहत नाहीत. पाऊस तोच, टायर तेच, पण कागदावर धावपट्टी पुरते!

हा जादाचा पल्ला कुठे खर्च होतो तेही पाहा. ५० ऐवजी १०० फुटांवरून थ्रेशोल्ड ओलांडला तर ३ अंशांच्या उतारावर जवळजवळ २९० मीटर तिथेच गेले. वेग १०% जास्त असला की थांबायला साधारण २०% जास्त अंतर लागतं. धावपट्टीवर पाणी साचलं असेल तर टायर पाण्यावर तरंगतो. तो वेग काढायची जुनी रीत अशी: टायरमधला दाब पीएसआयमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ९ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. १२० पीएसआयला सुमारे ९९ नॉट. हलकी जेटं साधारण याच वेगाच्या आसपास टेकतात. त्यात फेनॉमला रिव्हर्सर (इंजिनाचा जोर उलटा फिरवून वेग कमी करणारी यंत्रणा) नाही, साइटेशन या दुसऱ्या जेटच्या छोट्या मॉडेलांनाही नाही. सगळी भिस्त चाकांच्या ब्रेकवर, आणि चाक तरंगत असेल तर ब्रेक कितीही दाबा, उपयोग शून्य.

उबातुबाची धावपट्टी ९४० मीटर, पुढे रस्ता आणि लगेच समुद्रकिनारा. ९ जानेवारी २०२५ रोजी पावसात उतरलेलं साइटेशन ५२५ धावपट्टी संपल्यावर कुंपण तोडून, रस्ता ओलांडून किनाऱ्यावर गेलं. वैमानिक गेला, आतलं कुटुंब वाचलं. वरचे गुणक ९४० मीटरच्या ओल्या धावपट्टीला लावून बघा, हलक्या जेटला जागाच उरत नाही. कोंगोन्यासला २००७ च्या भीषण अपघातानंतर, उशिरा का होईना, २०२२ मध्ये विमानाला रुतवून थांबवणारे ठिसूळ काँक्रीटचे पट्टे बसले. लॅटिन अमेरिकेतले ते पहिले. छोट्या विमानतळांच्या नशिबी धावपट्टीपुढे गवत असतं, नाहीतर भिंत.

सेराडोच्या, म्हणजे मध्य ब्राझीलच्या गवताळ पठारावर वेगळाच त्रास. १,००० मीटर उंचीवर पारा ३५ अंशांना टेकला की इंजिनाला आणि पंखाला हवा जवळजवळ २,००० मीटर उंचीइतकी विरळ लागते. जोर कमी, जमिनीवरचा वेग जास्त, धाव लांब. यावर उपाय पहाटे निघणं आणि टाकी अर्धी ठेवणं. पण पुढच्या गावात इंधन मिळेलच असं नसल्याने लोक परतीचंही भरून घेतात, म्हणजे दुपारच्या उन्हात, छोट्या धावपट्टीवर, पूर्ण वजन. मुरमाच्या धावपट्टीवर तर थांबून पॉवर देऊच नये. प्रोपेलर खडे ओढून घेतो आणि पात्यांच्या कडा खातो. विमान हळूहळू पुढे सरकत असतानाच पॉवर वाढवायची.

एवढं असूनही, माझ्या मते लांबी हा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: ढगातून खाली यायची अधिकृत वाट आहे का? पारातीला उपकरणांवर उतरण्याची पद्धत नव्हती, डोळ्यांना दिसलं तरच उतरायचं. १९ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेओरी झावास्की यांचं किंग एअर तिथेच पावसात समुद्रात पडलं, पाचही जण गेले. त्याआधी १३ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्षपदाचे उमेदवार एदुआर्दो कांपोस यांचं साइटेशन ग्वारुजाला उतरता न आल्याने वर उठलं आणि सांतोसच्या वस्तीत कोसळलं. सात मृत्यू. तिथे उतरण्याची पद्धत होती, पण एनडीबी नावाच्या जुन्या, फक्त दिशा दाखवणाऱ्या रेडिओ खुणेवरची. आणि ५ नोव्हेंबर २०२१: गायिका मारिलिया मेंदोंसा यांचं विमान कारातिंगाला उतरण्याआधी वीजवाहिनीच्या तारेला अडकलं, पाच मृत्यू. ती वाहिनी विमानतळाच्या संरक्षित क्षेत्राबाहेर होती, त्यामुळे तिच्यावर खुणेचे गोळे लावण्याची सक्ती नव्हती. नियम पाळला गेला, आणि तार कुणाला दिसली नाही.

उपग्रहावर आधारलेल्या आरएनपी अप्रोचला (उतरण्याच्या आखलेल्या वाटेला) जमिनीवर महागडा अँटेना लागत नाही. लागतं काय, तर थ्रेशोल्डचे अचूक अक्षांश-रेखांश, आजूबाजूच्या डोंगर-टॉवर-झाडांची मोजणी, हवाई दलाच्या डेसिया विभागाने छापलेला नकाशा आणि त्याच जागेचा हवेचा दाब. हा शेवटचा भाग लोक विसरतात. दाबात १ हेक्टोपास्कलची चूक म्हणजे उंचीमापकात सुमारे ३० फुटांची चूक. दाब लांबच्या शहरातून उसना घेतला की उतरण्याची किमान उंची वर ढकलावी लागते, आणि मग नेमक्या गरजेच्या दिवशी तो अप्रोच कामाला येत नाही. म्हणून स्वयंचलित हवामान केंद्र हवं: दाब, वारा, तापमान, दृश्यता, ढगांचा तळ. लाउंजच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

टॉवर नसलेल्या ठिकाणी सगळे १२३.४५ मेगाहर्ट्झवर आपापली जागा सांगत येतात. शेजारच्या तीन धावपट्ट्यांचे आवाज एकाच वेळी कानात. गावाचं नाव वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे घ्यायची शिस्त इथे जीव वाचवते. फवारणीचं विमान मात्र बोलेलच असं धरून चालू नये.

मग गिधाडं. उरुबू नावाचं काळं गिधाड कचरा डेपोवर घिरट्या घालतं. २०१२ च्या कायद्याने विमानतळाभोवतीच्या २० किलोमीटरमध्ये पक्षी ओढणाऱ्या उद्योगांवर बंधनं आहेत, पण डेपो नगरपालिकेचा आणि बऱ्याचदा विमानतळही तिचाच, तेव्हा नोटीस कोण कुणाला देणार? रात्री कापिबारा येतात, ५० किलोचा प्राणी, पुढचं चाक सहज मोडतो. जाळी जमिनीखाली पुरली नसेल तर कुंपण शोभेचं.

डिसेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने २७० प्रादेशिक विमानतळांची योजना जाहीर केली होती. बहुतेक कागदावरच राहिली, कारण प्रत्येक गावाला टर्मिनल हवं होतं. २७० टर्मिनलांऐवजी २७० हवामान केंद्रं आणि अडथळ्यांची मोजणी केली असती तर त्यातलं बरंच उभं राहिलं असतं. पुढच्या प्रत्येक करारात पहिलं हँगर भाड्याने जाण्याआधी हवामान केंद्र चालू, अप्रोच प्रसिद्ध आणि वाटेतल्या तारांवर गोळे, अशी अट घाला. संरक्षित क्षेत्राच्या आतल्याही आणि बाहेरच्याही.

तोवर ज्यांना तिथे भाड्याच्या विमानात बसायचंय त्यांच्यासाठी. विमानतळाचा कोड एसबीने सुरू होत असेल तर सहसा तिथे रेडिओवर कुणीतरी असतं. एसडी, एसएन, एसएस असेल तर बहुधा नसतं. रोटाएर या अधिकृत पुस्तिकेत त्या धावपट्टीची ताकद बघा. ती ५,६०० किलो लिहिली असेल आणि तुम्हाला आठ टनी जेट पाठवलं जात असेल, तर दुसरं विमान मागा. विमानाच्या नोंदणीत टीपीएक्स असेल तर ती एअर टॅक्सी. टीपीपी असेल तर ते खासगी आहे, तिकिटाचे पैसे घेणं बेकायदा, आणि वर सांगितलेला ६०% चा नियमही त्याला लागू नाही.