बॅटरी ‘झिरो’ करायला सांगणारा तो मेसेज

माझा धाकटा भाऊ फर्निचरची कामं करतो. परवा त्याच्या साइटवर गेलो, तर हा दोन वायरी घेऊन चांगल्या बॅटरीवरून मेलेल्या बॅटरीला करंट द्यायला बसलेला. कारण मिस्त्री लोकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ड्रिलची बॅटरी पूर्ण झिरो करूनच चार्जिंगला लावा, नवीन बॅटरी आधी आठ तास चार्ज करा, मेली तर दुसऱ्या बॅटरीचा झटका द्या, आणि काहीही करा, दोन वर्षांत ती जातेच. मी आधी वायरी काढून घेतल्या.

झटक्याचंच आधी बोलतो. ती बॅटरी उघडून मीटर लावला. १८ व्होल्टच्या साध्या पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात. चार सेल ३.१ दाखवत होते, पाचवा १.४. झिरो करून तीन आठवडे तशीच टाकलेली! सेल इतका खाली जाऊन पडून राहिला की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं. पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे जमतं आणि सेल आतून शॉर्ट होऊ शकतो. चार्जर लाल दिवा लुकलुकवत नकार देतो, तो म्हणूनच. झटका दिल्यावर कदाचित चार्जिंग सुरू होईलही. पण मग तीच बॅटरी रात्रभर चार्जरवर राहणार, शेजारी भुसा आणि थिनरचे डबे. आग लागली तर मेसेजवाला येणार आहे का विझवायला?

झिरो करण्यात निकेल-कॅडमियम या जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांच्या काळी थोडं तथ्य होतं, हे कबूल. आताच्या लिथियम-आयन बॅटरीला झिरो सोसत नाही. ड्रिलचा जोर कमी झाला की बॅटरी काढा. आठ तासांचं सोडूनच द्या, बॅटरी भरली की चार्जर आपोआप थांबतो.

राहिली दोन वर्षं. साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर क्षमता जाणवण्याइतकी घटते. रोज चार्ज करणाऱ्या मिस्त्रीची बॅटरी दोन वर्षांत जाईलही. घरी महिन्यातून दोनदा भोक पाडणाऱ्याला हा हिशेब कशाला? त्याच्या बॅटरीला उष्णता जास्त खाते. ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या संकेतस्थळावरचा तक्ता बघा: ४० टक्के चार्ज करून २५ अंशांत ठेवलेल्या लिथियम बॅटरीची वर्षाने ९६ टक्के क्षमता उरते. फुल चार्ज करून ४० अंशांत ठेवली, तर ६५. भावाची दुसरी, चांगली बॅटरी अख्खा मे महिना टेम्पोच्या डॅशबोर्डवर होती, फुल चार्ज.

ती आता घरात, कपाटात आहे. मेलेलीच्या टोकांना टेप लावून ती मी माझ्याकडे ठेवलीय, सोमवारी सर्व्हिस सेंटरला नेऊन देणार.