खड्ड्यात पडलेल्या माणसाला वकील कोण देणार?

दादाशी माझं भांडण झालं ते ६ लाखांवरून. घरातले पैसे नाहीत हे, कोर्टाने ठरवलेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस गेला तर घरच्यांना ६ लाख, जखमी झाला तर दुखापत बघून ५० हजार ते अडीच लाख, आणि हे आधी महापालिकेने किंवा रस्ता ज्या यंत्रणेचा असेल तिने द्यायचे, मग कंत्राटदार नि अधिकाऱ्यांकडून वसूल करायचे. २०१३ साली न्यायमूर्ती गौतम पटेलांनी मुख्य न्यायमूर्तींना खड्ड्यांबद्दल पत्र लिहिलं होतं, तिथून सुरू झालेली ही केस. म्हणजे एवढं म्हणायलाच १२ वर्षं गेली.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, किती छान झालं ना, तर दादा उसळलाच. "बघ आता, लोक मुद्दाम खड्ड्यात पडतील. तुमच्या इंग्लंडसारखं होणार, जो तो क्लेम टाकत सुटणार, आणि पैसे शेवटी टॅक्स भरणाऱ्यांचेच." मागून वहिनी म्हणाली, "आणि खड्डे तसेच राहणार." वहिनीचं मला पटतं. दादाचं आठवडा झाला तरी डोक्यातून जात नाहीये, आणि त्यातलं ते "तुमच्या" तर अजिबातच नाही.

मुद्दाम पडतील म्हणे. दादा घोडबंदर रोडला राहतो, गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये दर पावसाळ्यात दोन-दोन तास अडकतो, मागे कंटेनर, पुढे कंटेनर, मध्ये बाईकवाले पाणी भरलेल्या खड्ड्याचा अंदाज घेत चाललेले. तिथे ५० हजारांसाठी कोण मुद्दाम पडणार आहे? आणि पडलाच तर उठेल याची काय गॅरंटी? घरात बसून असं बोलायला सोपं असतं, एवढंच.

आणि इंग्लंडचं म्हणाल तर हो, इथे खोटे क्लेम झाले. मागून गाडी जरा टेकली की मान दुखते म्हणून क्लेम, दुपारी जेवायला बसलं की फोन, "तुमचा अपघात झाला होता का?" हे सगळं मी बघितलंय. पण म्हणून यांनी दुकान बंद नाही केलं, नियम बदलले. २०१३ पासून इजेचे क्लेम पैसे घेऊन वकिलाला विकायला बंदी घातली, २०२१ मध्ये व्हिपलॅशला, म्हणजे झटक्याने मान दुखावण्याला, सरळ तक्ता लावला, तीन महिन्यांपर्यंतचं दुखणं असेल तर तेव्हा २४० पौंड, संपला विषय. ज्याची मान खरंच मोडली त्याचा रस्ता उघडाच राहिला. आपल्याकडे उलट विचार करतात, चार लबाड येतील म्हणून ९६ लोकांना दारातसुद्धा उभं करायचं नाही.

माझंच सांगते. २०१९ च्या फेब्रुवारीत मुलाला शाळेत सोडून येत होते, फुटपाथची एक फरशी उचकटलेली, पाय अडकला आणि डावं मनगट मोडलं. ऑफिसमधली एक बाई म्हणाली सॉलिसिटरला, म्हणजे इथल्या वकिलाला, फोन कर. मला लाज वाटली, आपल्याला असं काही करायची सवय नाही ना, पडलो तर आपलंच लक्ष नव्हतं म्हणतो आपण. तरी केला फोन. पलीकडच्या मुलीने अर्धा तास नीट ऐकून घेतलं, एक पैसा न घेता, आणि पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे आजच्या आज त्या फरशीचा फोटो काढा, शेजारी फुटपट्टी ठेवून. नवरा मुलाच्या दप्तरातली फुटपट्टी घेऊन गेला आणि भर थंडीत रस्त्यावर गुडघे टेकून त्याने फोटो काढला. साडेतीन सेंटिमीटर. तीन दिवसांनी बघते तर फरशीभोवती पिवळ्या रंगाचा गोल मारलेला, म्हणजे दुरुस्तीला घेतली.

पुढचं सगळं कागदावर झालं. रस्ता ज्यांचा त्यांना ठराविक दिवसांनी तपासणी करावी लागते, ती नीट केल्याचं रजिस्टर दाखवता आलं तर ते सुटू शकतात. माझ्या रस्त्याच्या रजिस्टरमध्ये मधले काही महिने कोरेच होते. सॉलिसिटरशी करार असा की हरलो तर फी नाही, जिंकलो तर तिचा जादा वाटा माझ्या भरपाईतून, पण २५ टक्क्यांच्या वर जायचं नाही. आणि प्रामाणिकपणे लढून हरलात तर समोरच्याचा खर्च सहसा तुमच्या गळ्यात पडत नाही, हाही २०१३ चाच नियम. इजेच्या केसेसना पूर्वी सरकारी मदत मिळायची, ती २००० मध्ये बहुतेक बंद केली, त्याच्या बदल्यात ही व्यवस्था उभी राहिली. म्हणजे केस किती दमाची आहे ते वकील आधी तपासतो कारण पैसे त्याचे अडकणार असतात, खोटी केस तो घेईलच कशाला? १४ महिन्यांनी ४,८०० पौंड मंजूर झाले, कापून साडेतीन हजारांच्या आसपास हातात आले. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मी लहानपणापासून ऐकलीये आणि २०१६ मध्ये ती मीच म्हटली होती.

त्या जुलैमध्ये आई पडली. ठाण्यात, नौपाड्यातल्या घराजवळच्या गल्लीत, कुणीतरी केबलसाठी चर खोदून तसाच ठेवला होता, पाऊस पडून वर पाणी भरलेलं. संध्याकाळी भाजी घेऊन येत होती, मेथीची जुडी होती हातात. खुब्याचं हाड मोडलं, ६८ वर्षांची होती. दादा धावत गेला तेव्हा आईची एक चप्पल चिखलात रुतलेली होती, ती काही मिळालीच नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांनी त्या चरात झाडाची फांदी खोवून ठेवली, पुढचा कुणी पडू नये म्हणून. आपल्याकडचा पिवळा गोल तो. फुटपट्टी ठेवून फोटो कुणी काढला नाही. मलाही सुचलं नाही, तेव्हा कुठे माहीत होतं.

दादा एका वकिलाकडे जाऊन आला होता. त्यांनी सांगितलं, गाडीने उडवलं असतं तर अपघातांच्या दाव्यांसाठी वेगळं क्लेम ट्रिब्युनल होतं, समोर विमा कंपनी असते, कोर्ट फी नावापुरती. चालताना पडलात म्हणजे दिवाणी दावा, मागाल त्या रकमेवर कोर्ट फी आणि आमची निम्मी फी आधी. शिवाय चर नक्की कुणाचा ते तुम्ही सिद्ध करायचं, आणि तारखा किती पडतील ते सांगता येत नाही. निकालानंतर टक्केवारी घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानेच बंदी आहे, त्यामुळे "जिंकलो तर घेतो" असं तो उघड म्हणूही शकत नाही. तोंडी टक्केवारी ठरते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तोंडी म्हणजे ना मर्यादा ना हिशोब. खरं तर वकील सोडून तिसऱ्या कुणी दाव्याला पैसे लावणं आपल्याकडे गुन्हा नाही, महाराष्ट्राच्या दिवाणी प्रक्रियेत त्याची दखलसुद्धा आहे आणि सुप्रीम कोर्टानेही २०१८ मध्ये तसं म्हटलंय. पण आईच्या खुब्यावर पैसे लावायला कोण येणार? तो सगळा मोठ्या कंपन्यांचा मामला.

सगळ्यात वाईट मला वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो, कोर्ट फीसुद्धा त्यात येते. तो देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस ठाण्यातच, जिल्हा कोर्टात. शाळेत जाताना कोर्ट नाक्यावरून मी हजार वेळा गेले असेन, आम्हाला हे कुणाला माहीतच नव्हतं, आणि त्या वकिलांनीही सांगितलं नाही. हायकोर्टाच्या निकालात मला सगळ्यात आवडलं ते हेच, की भरपाई ठरवायच्या समितीत महापालिका आयुक्तांच्या बरोबरीने याच विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव बसणार आणि क्लेम केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे. चर कुणाचा हे आईने शोधत फिरायचं नाही. रक्कम कमी आहे, कमीच आहे, खुब्याच्या ऑपरेशनलाच २ लाख ८० हजार लागले होते. पण अर्ज घेऊन जायला एक टेबल तरी झालं.

हे सगळं मी दादाला त्या रविवारी ऐकवलं, आवाज चढवून. तो गप्प झाला, मग म्हणाला, "तेव्हा तूच म्हणाली होतीस, जाऊ दे, मी पैसे पाठवते."

म्हणाले होते. ऑपरेशनचे पैसे मी दुसऱ्याच दिवशी पाठवले आणि वर ती म्हण ऐकवली, कारण केस टाकली असती तर दादाला दर तारखेला रजा टाकावी लागली असती आणि मला दर वर्षी यावं लागलं असतं. मला ते नको होतं. अमेरिकेतले डॉक्टर कुणाल साहा, बायको १९९८ मध्ये गेली, कोलकात्यातल्या उपचारांतल्या हलगर्जीपणाबद्दल ते २०१३ पर्यंत भांडत राहिले तेव्हा सुप्रीम कोर्टाने सुमारे ६ कोटी आणि वर व्याज द्यायला लावलं. १५ वर्षं, तेही परदेशात राहून. सगळ्यांना जमणार नाही ते, पण मी तर एक अर्जसुद्धा केला नाही. आणि तीनच वर्षांनी इथे मनगटासाठी केला. दादा "तुमच्या इंग्लंडसारखं" म्हणाला तेव्हा मला राग आला तो यामुळेच असणार, की माझा हक्क मला इथे कळला, आणि तिथल्या माझ्या आईला मी जाऊ दे म्हणून सांगितलं, जणू तिथे तेवढंच मिळायचं असतं.

दादाच्या बिल्डिंगमधला एक मुलगा गेल्या महिन्यात बाईकवरून पडला, खड्डाच, कॉलरबोन गेलं. मी दादाला रात्री मेसेज टाकला, खड्ड्याचे फोटो शेजारी काहीतरी माप ठेवून, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, पोलिसांत नोंद, आणि मग त्या समितीकडे अर्ज. दादाने "बघतो" एवढंच लिहिलं. सकाळी उठले तर खाली फोटो आला होता, खड्ड्याच्या काठावर वहिनीची स्टीलची पट्टी ठेवलेली, ब्लाउज शिवायला वापरते ती.

आईची बिलं अजून कपाटात आहेत, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून. आता ती वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते. माझं मनगट मोडल्याचे पैसे मिळाले तेव्हा तिने फोनवर विचारलं होतं, किती दिले गं त्यांनी? मी म्हटलं, फार नाही, थोडेसेच.