आफ्रिकेत बायका मुखवटा घालत नाहीत म्हणे!

एका काळ्याभोर लाकडी मुखवट्याचा फोटो सध्या बराच फिरतोय. खाली मजकूर असा: 'आफ्रिकेत मुखवटे फक्त पुरुष घालतात. हा भुतांना घाबरवायचा मुखवटा. तिथल्या बायका कड्या घालून मान लांब करतात, तेच यात कोरलंय. हजारो वर्षांत यात काडीचा बदल नाही.'

फोटोतला मुखवटा सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांचा आहे. नाव सोवेई. तो सांदे या बायकांच्या संस्थेचा. टेम्ने लोक तिला बोंडो म्हणतात. वयात येणाऱ्या मुलींना दीक्षा देणं हे तिचं काम. आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी मुखवटा पुरुषच घालतात, हे खरं. पण नेमका हाच त्याला ठळक अपवाद, आणि पाठवणाऱ्याने नेमका हाच फोटो उचलला! लाकूड कोरतो पुरुष, पण ते अख्खं डोक्यावर चढवून, अंगभर राफियाच्या (ताडासारख्या झाडाच्या पानांच्या धाग्यांच्या) काळ्या झिरमिळ्या लेवून नाचते संस्थेतली मानाची बाई. कातडीचा तसूभरही भाग दिसता कामा नये, कारण त्या वेळी ती माणूस नसते, पाण्यातून आलेली शक्ती असते.

म्हणून लगेच 'बघा केवढी स्त्रीसत्ता' असंही कुणी म्हणू नये. याच दीक्षेत मुलींच्या जननेंद्रियांचा छेद केला जातो, आणि त्याविरुद्ध तिथल्याच बायका लढताहेत.

घाबरवण्याबद्दल काय बोलावं? रुंद कपाळ, खाली झुकलेले डोळे, इवलंसं मिटलेलं तोंड, निगुतीने घातलेल्या वेण्या. मेंडेंच्या मनातली शांत, मोजकं बोलणारी, देखणी बाई ती हीच. काळा रंगही भुताटकीचा नाही. तेल लावलेल्या निरोगी कातडीसारखी ती तुकतुकी आहे.

कड्यांचा घोळ बहुधा म्यानमारच्या कायान बायकांवरून झाला असावा. पितळी वेटोळी घालतात त्या. सोवेईच्या गळ्याला आहेत त्या वळ्या, आपण गुटगुटीत बाळाच्या मांडीला म्हणतो तशा. खात्यापित्या घरची खूण. काही जण त्यांत पाण्यावरचे तरंगही बघतात: शक्ती डोहातून वर येताना तिच्या मानेभोवती उठलेले.

आणि बदल नाही म्हणता? ब्रिटिश म्युझियममध्ये १८८६ साली दाखल झालेला एक सोवेई आहे. त्याच्या डोक्यावर चक्क साहेबाची उंच हॅट कोरलेली आहे.