उद्याची सूचना आज रात्री

शाळा लहान, वर्ग मोजके. तरीही तिथल्या कार्यक्रमांची बातमी पालकांपर्यंत आदल्या रात्री, जेवणे आटोपल्यावरच का पोहोचते, हे कोडे मला उलगडलेले नाही. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते आणि शहराला सुट्टी असते, हे इंदुरातले शेंबडे पोरही जाणते. त्याची सूचना मात्र आठवडाभर आधी, चौकटीत छापून येते. याउलट ‘उद्या मुलींनी अहिल्याबाईंच्या वेशात, हातात शिवपिंडी घेऊन यावे’ हा निरोप मोबाइलवर उमटतो, तेव्हा कापडाची दुकाने बंद झालेली असतात आणि रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ्यात मिळतो तो फक्त भुट्ट्याचा कीस. (पिंडी शेवटी कणकेची केली.) पालकसभेची तारीख तर सभा उरकल्यावर, ‘अनुपस्थित पालकांनी नोंद घ्यावी’ अशा शेलक्या ताशेऱ्यासह कळते.