पैलू पाडणाऱ्या हातांचा सिनेमा

दरोड्याचा सिनेमा म्हटला की तिजोरी कधी फुटते याची वाट पाहत बसायचे, ही आपली जुनी सवय. आर्थर हरारी यांचा ‘दियामाँ न्वार’ हा २०१६ सालचा फ्रेंच चित्रपट पाहताना मात्र मला तिजोरीचा जवळजवळ विसर पडला, आणि हिरा घासण्याच्या चाकावर ओणवा झालेला एक तरुण अधिक वेळ दिसत राहावा असे वाटू लागले.

हा तरुण म्हणजे पिअर उल्मान. पॅरिसमध्ये तो इमारतींच्या डागडुजीची कामे करतो आणि जोडीला चोऱ्याही करतो. त्याच्या वडिलांचा हात तरुणपणी हिऱ्याच्या कारखान्यातच जायबंदी झाला, पुढे बेल्जियममधल्या अँटवर्पच्या आपल्या श्रीमंत हिरेव्यापारी घराण्याशी त्यांचा संबंध तुटला आणि अखेर ते बेवारशासारखे मेले. सूड उगवायचा म्हणून पिअर चुलत्याच्या पेढीत शिरतो, आणि तिथे उतारवयाला आलेल्या एका कारागिराच्या हाताखाली पैलू पाडायला शिकू लागतो. चित्रपटाचा खरा जीव, माझ्या मते, या शिकण्यात आहे. ज्या घराला लुटायचे त्याच घराची विद्या आपल्या हातात उतरते आहे आणि ती आपल्याला आवडूही लागली आहे, ही पिअरची अडचण पोलिसांच्या भीतीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

या कामाची गंमत अशी की हिरा घासायला हिराच लागतो. फिरत्या बिडाच्या चकतीवर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी असते, तिच्यावर खडा टेकवायचा आणि पुन्हापुन्हा उचलून भिंगाखाली पाहायचा. ‘ब्रिलियंट’ नावाच्या गोल घाटाला ५७ पैलू पाडेपर्यंत कच्च्या हिऱ्याचे निम्म्याच्या आसपास वजन उडून जाते. म्हणून कारागिराचे अर्धे कसब हात चालवण्याआधीच्या पाहण्यात असते: डाग कुठे आहे, काय वाचवायचे, कशावर पाणी सोडायचे. नील्स श्नायडर यांनी हे पाहणे फार संयमाने साकारले आहे. या भूमिकेसाठी त्यांना २०१७ साली सर्वांत आश्वासक अभिनेत्याचा सेझार हा फ्रेंच चित्रपट-पुरस्कार मिळाला, तो सार्थच होता. चोरांच्या म्होरक्याच्या, रशीदच्या भूमिकेत अब्देल हफीद बेनोतमान आहेत. ते स्वतः एके काळी दरोड्यांपायी तुरुंगवास भोगलेले लेखक होते आणि चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, २०१५ साली वारले.

प्रत्यक्ष दरोड्याचा भाग मला त्या मानाने बेताचा वाटला. शेवट इथे सांगत नाही.

आपल्याकडच्या प्रेक्षकाने मात्र आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. अँटवर्पच्या बाजारात ज्यू घराण्यांच्या बरोबरीने, आणि आज बहुधा त्यांच्याहून अधिक, पालनपूर-सौराष्ट्राकडच्या गुजराती जैन व्यापाऱ्यांचे वजन आहे, आणि मुंबईत पूर्वी ऑपेरा हाउसला व आता वांद्रे-कुर्ला संकुलात हिऱ्यांच्या कागदी पुड्या उघडून बसणारी पेढी त्यांच्याच नात्यातली असू शकते. हरारी यांनी हे ओळखून विजय शा गोपाल नावाचा भारतीय व्यापारी कथेत आणला, याचे कौतुक वाटते. पण त्या नावात ‘शा’ या आडनावापुढे ‘गोपाल’ कसे आले, हे झवेरी बाजारातल्या कोणालाही कोडेच पडेल. शिवाय ही भूमिका पुदुच्चेरीचे नर्तक आणि वीणावादक रघुनाथ मानेत यांच्याकडे गेली आहे. ते देखणे आणि रुबाबदार दिसतात, पण व्यापारी वाटत नाहीत.

तेही चालवून घेतले असते, पण खरी खंत वेगळी आहे. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिरे आज सुरत आणि आसपासच्या कारखान्यांत घासले जातात, हे धंद्यातले सगळे जाणतात. भारतीय माणूस या चित्रपटात आला तो मोठा सौदा करणारा म्हणून. हातांविषयी इतक्या बारकाईने बोलणाऱ्या या कथेत चाकावर बसलेले ते सुरतेचे हात मला कुठे दिसले नाहीत.